कुलूपबंद फाइलींचं दशक

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. त्यानंतर शिक्रापुरात चाकण चौकाच्या आसपास, झेरॉक्सच्या आणि फ्लेक्सच्या दुकानांत जे ऐकू आलं, ते मी 2014 साली जसंच्या तसं ऐकलं होतं. "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" 8 एप्रिल 2014 ला विंडोज एक्सपीची मुदत संपली तेव्हाही हेच उत्तर होतं. या दोन तारखांच्या मधल्या अकरा वर्षांत आपल्या भागातल्या माणसांचे लग्नाचे फोटो, दुकानांचे हिशोब, पोरांचे प्रोजेक्ट कायमचे गेले. ते जाताना पाहिलं असल्यामुळे हे वाक्य आता मला ऐकवत नाही.

त्याआधीचा इतिहास फार रेंगाळण्यासारखा नाही. 1989 मध्ये जोसेफ पॉप नावाच्या माणसाने एड्सच्या माहितीच्या नावाखाली सुमारे 20 हजार फ्लॉपी टपालाने वाटल्या आणि संगणक अडकवून 189 डॉलर पनामाच्या पत्त्यावर मागितले. तो प्रकार कच्चा होता, तज्ज्ञांनी लगेच सोडवला. पुढची वीस-बावीस वर्षं आपल्याला व्हायरस म्हणजे पेनड्राइव्हमधून येणारा, संगणक हळू करणारा त्रास एवढंच माहीत होतं. एमएस-सीआयटीच्या वर्गात अँटिव्हायरसचं एक पान शिकवलं जाई आणि पुण्याच्या क्विक हीलची सीडी दुकानात मिळे. तेवढ्यावर भागत होतं.

भागेनासं झालं ते सप्टेंबर 2013 मध्ये क्रिप्टोलॉकर आल्यापासून. त्याने फाइल बिघडवली नाही, कुलूपबंद केली. आणि किल्ली आपल्या संगणकात ठेवलीच नाही, चोराच्या सर्व्हरवर ठेवली. वसुलीला बिटकॉइन होताच. रॅन्समवेअर म्हणजे नेमकं काय, ते इथेच समजून घ्यायला हवं. व्हायरस काढून टाकणं आणि फाइल परत मिळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम साधा अँटिव्हायरसही बहुतेक वेळा करतो. दुसरं किल्लीशिवाय होत नाही. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांनी हा फरक कधी समजून घेतला नाही आणि गिऱ्हाइकाला सांगितलाही नाही. माझा मोठा राग तिथे आहे.

2016 मध्ये लॉकी आला, ईमेलला जोडलेल्या बिलाच्या रूपात. तो मंत्रालयातल्या संगणकांतही शिरला. 12 मे 2017 ला वॉनाक्राय आला आणि दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक अडकले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. दोन महिने तो फुकट उपलब्ध होता! आपल्याकडे मात्र संगणक विकतानाच अपडेट बंद करून दिले जात, कारण नेट संपतं, पीसी हळू होतो, आणि विंडोज मुळात चोरीचं असायचं. मोफत संरक्षणाचं दार आपल्याच माणसांनी बाहेरून लावून घेतलं होतं.

त्याच वर्षी 27 जूनला नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. रांजणगाव-सणसवाडीचे कंटेनर ज्या बंदराकडे जातात तेच हे बंदर, त्यामुळे बातमी आपल्या रस्त्यावरची होती. नॉटपेट्या खंडणी मागत होता, पण पैसे भरूनही फाइल सुटण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्कचं जगभरचं जाळं पुन्हा उभं राहिलं ते घानातल्या एका कार्यालयामुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तिथल्या सर्व्हरवरची एक प्रत नेटपासून तुटलेली राहिली आणि वाचली. एवढ्या बलाढ्य कंपनीला तारलं ते एका न जोडलेल्या प्रतीने.

पण आपल्या घरांवर खरा घाला घातला तो 2018 च्या अखेरीपासून पसरलेल्या स्टॉप किंवा डीजेव्हू या टोळीने. ही टोळी मोठ्या कंपन्यांच्या मागे लागली नाही. फोटो एडिटिंगचं, लग्नाच्या मिक्सिंगचं, विंडोज ॲक्टिव्हेट करायचं फुकट 'क्रॅक' जो उतरवून घेई, त्याच्यामागे ती लागली. आणि क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायचा, ही तर आपल्याकडची रीतच होती.

2019 च्या लग्नसराईत माझ्या ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत मी हे समोर पाहिलं. विंडोज अपडेट होत असल्याची खोटी खिडकी पडद्यावर होती. ती गेली तेव्हा फोटोंच्या जागी पांढरे कोरे चौकोन, प्रत्येक नावाला अनोळखी शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक टेक्स्ट फाइल. मागणी 980 डॉलरची, 72 तासांत भरल्यास निम्मी. म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे 34 हजार रुपये. अँटिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइट उघडेनात, कारण व्हायरसने त्यांचे रस्तेही अडवून ठेवले होते. बाहेरची हार्ड डिस्क सीपीयूला कायम जोडलेली असे, त्यामुळे बॅकअपलाही तेच शेपूट. हंगामातली लग्नं त्यात होती. त्यांतल्या काही घरांतली म्हातारी माणसं आज हयात नाहीत, आणि त्यांचं हलतं-बोलतं चित्रण तेवढंच होतं.

दुरुस्तीवाला आला, "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणाला आणि मारून गेला.

त्या ऑक्टोबरात एमसीसॉफ्ट या कंपनीने डीजेव्हूच्या 148 प्रकारांची कुलपं उघडणारं साधन फुकट दिलं. ऑगस्ट 2019 आधीच्या जवळपास सगळ्या प्रकारांना ते लागू होतं. एकाच फाइलची मूळ आणि कुलूपबंद अशी जोडी त्याला हवी असे, आणि मूळ फोटो गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमध्ये होतेच. शिवाय डीजेव्हू प्रत्येक फाइलचा फक्त पहिला 150 केबीच्या आसपासचा भाग कुलूपबंद करतो. लग्नाचा व्हिडिओ कित्येक जीबींचा असतो, त्याचं डोकं तेवढं बिघडलेलं असतं, बाकीचं अंग शाबूत. असे व्हिडिओ बऱ्याचदा दुरुस्त होतात. पण स्टुडिओची डिस्क फॉरमॅट करून वर नवं काम भरलेलं होतं. फाइली व्हायरसने अडवल्या होत्या, नष्ट केल्या त्या फॉरमॅटने. तेव्हाच मी हे बोलायला लागलो आणि अजून थांबलेलो नाही.

डीजेव्हूची आणखी एक गोष्ट गावोगावी सांगायला हवी होती. चोराच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर तो पोटातली एकच ठरावीक किल्ली वापरतो. रीडमीच्या शेवटी जो ओळख क्रमांक असतो, तो 'टी' आणि '1' वर संपला तर बहुधा ही ठरावीक किल्ली लागलेली असते आणि फाइली सुटण्याची आशा असते. म्हणजे त्या क्षणी ज्याचं ब्रॉडबँड बंद पडलेलं होतं, तो वाचू शकत होता. किती दुरुस्तीवाल्यांनी ती शेवटची ओळ वाचली?

पुण्यातल्या एका 'डेटा रिकव्हरी'वाल्याचाही हिशोब चुकता करायचा आहे. त्याने आमच्याच एका नातेवाइकाकडून आगाऊ रक्कम घेतली, 'डिक्रिप्ट करतो' म्हणाला, आणि डिस्क काही आठवड्यांनी तशीच परत दिली. ऑनलाइन, म्हणजे चोराच्या सर्व्हरवरची, किल्ली लागलेली नव्या प्रकाराची फाइल कोणी स्वतःच्या हुशारीने उघडू शकत नाही. जो आधी पैसे मागतो, तो एक तर चोराशी गुपचूप सौदा करणार किंवा तुम्हाला बुडवणार.

नंतरच्या बातम्या मोठ्या संस्थांच्या. मार्च 2021 मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि ज्या महामंडळावर आपला तालुका उभा आहे त्याचं ऑनलाइन काम अडलं. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीचं एम्स कागदावर आलं. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या कंपनीवरच्या हल्ल्याने तीनशेच्या आसपास लहान बँकांचे व्यवहार अडले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. या सगळ्यांना तज्ज्ञ मिळाले, पोलीस मिळाले. मराठवाडा-विदर्भातून इथे कंपनीत आलेल्या पोराचा जुना लॅपटॉप अडकला, तर त्याला कोण मिळतं? लाजेने तो कोणाला सांगतही नाही.

मला हळहळ वाटते ती दुरुस्तीच्या जुन्या संस्कृतीची. शेजारच्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करत शिकण्यासाठी. मशीन उघडायचं, बिघाड शोधायचा, मग हात घालायचा, हे शिक्षण तिथे खेड्यातल्या मुलांना मिळालं. संगणकाच्या दुकानांत ते आलंच नाही. तिथे बिघाड शोधण्याआधीच फॉरमॅट झाला.

आता विंडोज 10 वरचे हजारो संगणक पुन्हा त्याच वाटेवर आहेत. त्यांतले बरेच जुने असल्याने विंडोज 11 ला पात्र नाहीत. नोंदणी केल्यास सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. ती नोंदणी करून घ्या. क्रॅक उतरवू नका. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा.

आणि फाइली अडकल्याच, तर आधी नेट आणि सगळे पेनड्राइव्ह काढा. खंडणीच्या चिठ्ठीचा फोटो घ्या, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पासवर्ड त्या संगणकावरून नाही, फोनवरून बदला, कारण डीजेव्हूबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही अनेकदा येतो. डच पोलीस आणि युरोपोल यांनी इतरांसह 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर चिठ्ठी आणि एक अडकलेली फाइल देऊन प्रकार ओळखा. उघडणारं साधन असेल तर तिथे फुकट मिळतं. आज नसेल तर संगणकात नवी डिस्क टाकून विंडोज भरा आणि जुनी डिस्क, रीडमीसकट, नाव-तारीख घालून जपून ठेवा. टेस्लाक्रिप्टच्या टोळीने 2016 मध्ये स्वतःच मुख्य किल्ली जाहीर केली होती. तुमची किल्लीही कधी बाहेर येऊ शकते. तोवर कोणालाही त्या डिस्कवर फॉरमॅट मारू देऊ नका.