ग्रीसची पंगत

मुलांनो, तुमच्या घरी शिलाई मशीन आहे का? असेल, तर आई किंवा आजी तेलाची कुपी घेऊन मशीनच्या एकेका भोकात दोन-दोन थेंब सोडते, ते तुम्ही पाहिलं असेल. एखादं भोक राहून गेलं की मशीन कुरकुर करायला लागतं. या तेलाला, ग्रीसला आपल्या भाषेत छान शब्द आहे – वंगण. बैलगाडीच्या कण्याला लावायचे तेही वंगणच!

आता रस्त्यावर या. तुमच्या आमच्या उपनगरात खोदकाम कधी थांबत नाहीच, त्यामुळे जेसीबी सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या हाताच्या प्रत्येक सांध्यावर एक छोटेसे निपल असते. ड्रायव्हरकाका सकाळी ग्रीस गन घेऊन एकेका निपलात ग्रीस भरतात. कंटाळवाणे काम आहे, पण होते.

पण माणसाचा हात जिथे पोचतच नाही, तिथे काय करायचे? कुलाबा–वांद्रे–सीप्झ या भुयारी मेट्रोसाठी बोगदे खणणारी १७ यंत्रे आणली होती. त्यांना नद्यांची नावे दिली होती – वैनगंगा, सूर्या, वैतरणा, तानसा, कृष्णा. यातल्या वैनगंगेने अंधेरीजवळ मरोळला जमिनीखाली शिरून १.२६ किलोमीटर खणत सप्टेंबर २०१८ मध्ये विमानतळाशी डोके बाहेर काढले. २५९ दिवस लागले. अशा यंत्राचे दुमजली घराएवढे उंच गोल तोंड एका प्रचंड बेअरिंगवर फिरत असते. त्या बेअरिंगभोवती सील असतात, आणि सीलमध्ये सतत ग्रीस दाबत राहावे लागते, म्हणजे बाहेरची माती-पाणी आत शिरत नाही.

ती शिरली तर? अमेरिकेतल्या सिअॅटल शहराखाली 'बर्था' नावाचे असेच यंत्र खणत होते. डिसेंबर २०१३ मध्ये ते तापून बंद पडले. पाहतात तो सील खराब झालेले आणि आत माती! दुरुस्तीसाठी यंत्रासमोर सुमारे १२० फूट खोल खड्डा खणून तोंड वर उचलून काढावे लागले. खणणे पुन्हा सुरू झाले ते थेट डिसेंबर २०१५ मध्ये.

तर मग, एक पंप आणि ग्रीस पोचवायची ठिकाणे अनेक. सरळ एका नळीला दहा फाटे फोडले तर? आपल्या बिल्डिंगचा नळ आठवा. तळमजल्यावर धो-धो आणि चौथ्या मजल्यावर नुसती फुसफुस. ग्रीसचेही तसेच. जी वाट सोपी, तिकडेच ते जाणार आणि ज्या बेअरिंगची वाट अवघड, ते उपाशी.

यावर इंजिनिअरांनी काढलेली युक्ती म्हणजे प्रोग्रेसिव्ह डिव्हायडर व्हॉल्व्ह. नाव लांबलचक आहे. आपण त्याला 'पाळीपाळीने वाढणारी झडप' म्हणू. हा धातूचा एक ठोकळा असतो. त्यात शेजारी-शेजारी आडवी भोके आणि प्रत्येकात डावी-उजवीकडे सरकणारा एक दट्ट्या. दट्ट्याच्या एका टोकाशी पंपाकडून ग्रीस आले, की तो सरकतो आणि दुसऱ्या टोकापुढे आधीच भरून राहिलेले ग्रीस नळीतून बेअरिंगकडे ढकलतो. किती? दट्ट्याची जाडी आणि सरकायचे अंतर ठरलेले, म्हणून दर वेळी तेवढेच. काही ठोकळ्यांत ते ०.२ घन सेंटिमीटर असते, म्हणजे पाण्याचे चारेक थेंब.

आता गंमत ऐका. दट्ट्याच्या कमरेला खाचा असतात. दट्ट्या पूर्ण सरकला, तरच खाच बरोबर पुढच्या वाटेसमोर येते आणि ग्रीस पुढच्या दट्ट्याकडे जाते. अर्धवट सरकला तर वाट बंदच! पंगतीत वाढपी कसा, एका पानात वाढून झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, तसे.

हे तुम्ही अंगणात किंवा गच्चीवर करून बघू शकता. तीन मित्र पाहिजेत – अमू, बंड्या आणि चिमी. जमिनीवर एक रेघ आखा आणि तिघे एकामागे एक रेघेच्या डावीकडे उभे राहा. नियम तीनच. बंड्याने अमूच्या बाजूला जायचे. चिमीने बंड्याच्या बाजूला जायचे. आणि अमूने मात्र चिमीच्या उलट बाजूला! उडी मारली की एक चणा वाटीत टाकायचा. सुरू करा. चिमी डावीकडे, म्हणून अमू उजवीकडे. मग बंड्या. मग चिमी. आता चिमी उजवीकडे आली, म्हणून अमू परत डावीकडे... सहा उड्या झाल्या की तिघे पुन्हा पहिल्या जागी. 'आता तू, आता तू' असे ओरडायला कुणी कॅप्टन लागला का? नाही. खऱ्या ठोकळ्यातही किमान तीन दट्टे असतात आणि प्रत्येकाची दोन टोके, म्हणजे सहा ठिकाणी ग्रीस. एका फेरीत ०.२ गुणिले ६, म्हणजे १.२ घन सेंटिमीटर. पंपाने १२ पाठवले तर प्रत्येक बेअरिंगच्या वाट्याला किती आले, ते तुम्हीच सांगा.

खेळात मध्येच बंड्या रुसून बसला तर काय होईल? सगळेच थांबतील. ठोकळ्यातही एक नळी बुजली की तिचा दट्ट्या अडतो आणि मागचे-पुढचे सगळे खोळंबतात. वाईट वाटते ना? पण मला तरी यातच खरी हुशारी दिसते. पंप ढकलतच राहतो, दाब वाढत जातो, शेवटी जादा दाबाची झडप उघडून ग्रीस बाहेर येते. काही ठोकळ्यांत एका दट्ट्याला छोटी सळई जोडलेली असते, ती मागे-पुढे हलताना दिसते. ती थांबली की धोक्याचा दिवा लागतो. एकच बेअरिंग गुपचूप उपाशी राहून जळण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून बोंब मारलेली बरी, नाही का?

एक गोष्ट मात्र या ठोकळ्याला कळत नाही. नळी बुजली तर तो ओरडतो, पण ठोकळ्याच्या पुढे नळी तुटली तर? ग्रीस खुशाल जमिनीवर पडत राहते, दट्टे मजेत सरकत राहतात आणि दिवा काही लागत नाही. म्हणून ज्या यंत्रांवर हे ठोकळे बसवलेले असतात, तिथेही मेकॅनिक टॉर्च घेऊन एकेका नळीच्या टोकाशी वाकतो आणि बेअरिंगच्या कडेला ताज्या ग्रीसची रेघ दिसते का, ते पाहतो.