चेन्नईचे न्हाणीघर वाळत का नाही?

नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतला की महाराष्ट्रातील हवा कोरडी होऊ लागते आणि घरांच्या भिंती वाळू लागतात. चेन्नईत मात्र नेमका याच सुमारास खरा पावसाळा सुरू होतो. शहराच्या सुमारे १,४०० मिलिमीटर वार्षिक पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये तर एकाच महिन्यात १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि डिसेंबरच्या आरंभी शहर महापुरात सापडले. डिसेंबर २०२३ मधील 'मिचाँग' चक्रीवादळानेही अनेक वस्त्या पाण्याखाली नेल्या.

अशा आपत्तींची दखल सर्वत्र घेतली जाते. परंतु पूर न आलेल्या वर्षीही या दिवसांत घरोघरी एक चिवट अडचण उभी राहते. सकाळी ओले झालेले न्हाणीघर रात्रीपर्यंत वाळत नाही. छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, रंगाचे पोपडे सुटतात आणि कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो. पंखा बसवूनही हे का घडते, याचे उत्तर हवेच्या एका साध्या गुणधर्मात आहे.

थंड देशाचा उपाय, दमट शहराची अडचण

हवा जितकी उष्ण, तितकी बाष्प सामावून घेण्याची तिची क्षमता अधिक. शून्य अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. २० अंशांना हे प्रमाण सुमारे १७ ग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम होते.

कॅनडा वा युरोपातील कडक हिवाळ्यात बाहेरची गार हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली, की तिच्यात आणखी सुमारे १२ ग्रॅम बाष्प शोषण्याची क्षमता निर्माण होते. म्हणूनच तेथे हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की न्हाणीघर लवकर कोरडे होते. चेन्नईत नोव्हेंबरच्या पावसाळी दिवशी तापमान २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर त्या हवेत आणखी जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम बाष्प मावते.

आता हिशेब असा : आंघोळीनंतर फरशीवर आणि भिंतींवर पाव लिटर पाणी उरले, तर ते वाळवण्यास थंड देशात सुमारे २० घनमीटर हवा पुरेल, चेन्नईच्या पावसाळी हवेला मात्र १०० घनमीटरहून अधिक लागेल. पंखा तोच, पण काम पाचपट!

याचा अर्थ पंखा निरुपयोगी आहे असा नव्हे. गरम पाण्याची वाफ भिंतींवर साचण्यापूर्वी बाहेर काढणे हे त्याचे काम असून, ते तो चेन्नईतही चोख करतो. साचलेले पाणी वाळवण्याचा भार मात्र त्याच्यावर टाकता येत नाही.

भिंतीआडचे नुकसान

शेजारी वातानुकूलित शयनगृह असल्यास अडचण वाढते. वर उल्लेखिलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो. सामाईक भिंत त्याहून गार झाली, तर न्हाणीघराच्या बाजूने तिच्यावर दव जमते. पाणी न सांडताही भिंत ओली राहण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

समुद्रकाठच्या शहरात धोका येथेच थांबत नाही. खारी हवा आणि सततची ओल यांमुळे काँक्रीटमधील लोखंडी सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीटला तडे जातात आणि छताचे तुकडे गळू लागतात. आरोग्याचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. घरातील ओल आणि बुरशी यांचा श्वसनाच्या तक्रारी व दम्याशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केले आहे.

काय करता येईल?

पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे. आंघोळीनंतर फरशी व भिंतींवरील पाणी रबरी पट्टीच्या वायपरने मोरीकडे लोटावे. जे पाव लिटर पाणी वाळवण्यास हवेला तास न् तास लागतात, त्यातील बहुतेक पाणी एका मिनिटात निघून जाते.

दुसरे, पंखा आंघोळीच्या आधी सुरू करून नंतरही पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. मात्र आत हवा येण्यास दाराखाली फट किंवा दारात झडपा हव्यात. अन्यथा पंखा केवळ आवाज करतो. १० घनमीटरच्या न्हाणीघरात ताशी ६० घनमीटर हवा फेकणारा पंखा दर दहा मिनिटांना खोलीइतकी हवा बाहेर टाकतो.

तिसरे, वेळ साधावी. पाऊस उघडून दुपारी तापमान २९ अंशांवर गेले आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर उतरली, तर त्याच शहराची हवा घनमीटरमागे सुमारे १० ग्रॅम बाष्प शोषू शकते. खिडक्या-दारे उघडण्याची हीच वेळ. ओले कपडे न्हाणीघरात वाळत घालणे मात्र टाळावे. नळगळती वा वरच्या मजल्यावरून झिरपणारे पाणी असेल, तर आधी त्याची दुरुस्ती करावी. बुरशीवर नुसता रंग दिल्याने ती पुन्हा उगवते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. थंडीत न्हाणीघराची खिडकी बंद करून आत गॅसचा गीझर चालवल्यास प्राणवायू कमी पडतो आणि रंग-वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साईड साचू शकतो. अशा दुर्घटनांत अनेकांनी प्राण गमावले आहेत. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवणेच सुरक्षित. तेथे वायुवीजनाचा प्रश्न भिंतीच्या रंगाचा नसून जिवाचा असतो.