नुकसान कागदावर, शहाणपण गाठीला

आमच्या पिंगळीत ‘हॉटेल’ म्हणजे चहा, भजी आणि दोन बाकडी. मुक्कामाची वेळ आली तर माणूस परभणीचं लॉज गाठतो. मीही काही वर्षं असं एक चहाचं हॉटेल चालवलं. दूध किती घ्यायचं, उधारी कोणाला द्यायची, पोऱ्या एक ठेवायचा की दोन, सारं अंदाजाने. अंदाज चुकत गेले आणि शेवटी दोन म्हशी विकून देणं फेडलं. पुढे वाचनाच्या नादात कळलं, की असे अंदाज चुकवून पाहण्याची रीतसर सोय हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणात केलेली असते. तिला सिम्युलेशन म्हणतात. आपण तिला ‘लुटुपुटूचा व्यवहार’ म्हणू.

या पद्धतीचं मूळ रणांगणात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास अधिकारी नकाशावर सोंगट्या मांडून, फासे टाकून लढाईचे निर्णय घ्यायला शिकू लागले. तीच कल्पना १९५६-५७ मध्ये अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने उद्योगांच्या व्यवस्थापकांसाठी वापरली. फाशांच्या जागी संगणक आला. हॉटेल शिक्षणाने त्याआधीच वेगळी वाट काढली होती. कॉर्नेल विद्यापीठात १९२२ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९२६ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी एक दिवसासाठी स्वतः हॉटेल चालवून दाखवलं. आपल्याकडे १९५४ मध्ये मुंबईत हॉटेल व्यवस्थापनाची संस्था उभी राहिली. स्वयंपाकघर, वाढप, खोल्यांची निगा हे हाताने शिकता येतं. पण मालकाच्या खुर्चीतला निर्णय हाताने कसा शिकणार? तिथे हा खेळ कामी येतो.

वर्गाचे गट पाडतात. प्रत्येक गटाला कागदावरचं एक हॉटेल मिळतं. एक फेरी म्हणजे एक महिना. खोलीचा दर, नोकरांची संख्या, दुरुस्ती, जाहिरात, किराणा यांचे आकडे गटाने ठरवून द्यायचे. संगणक सगळ्या गटांचे निर्णय एकमेकांसमोर ठेवून हिशोब करतो आणि नफा-तोटा हातात देतो. पुढची फेरी तिथूनच सुरू होते. आज गाद्या बदलायचे पैसे वाचवले, तर तिसऱ्या फेरीत गिऱ्हाईक घटलेलं दिसतं.

हॉटेलला हा सराव इतका का लागतो? चहावाल्याच्या उरलेल्या दुधाला विरजण तरी लावता येतं. रिकाम्या खोलीची रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. आणि किती गिऱ्हाईक येणार हे कळण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो.

हे समजायला संगणकही लागत नाही. परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. समजा, तिथे तुमचं २० खोल्यांचं लॉज आहे. उरुसातल्या एका रात्रीसाठी एक मोठा गट सगळ्या खोल्या आगाऊ मागतो, दर ८०० रुपये. ऐनवेळी येणारा माणूस मात्र १,२०० देईल. असे किती येतील? दोन फासे टाका. बेरीज येईल तितके. गटाला किती खोल्या द्याल आणि किती राखाल?

१,२०० च्या आशेवर ८०० सोडायचे, तर राखलेली खोली तीनपैकी किमान दोन वेळा, म्हणजे ३६ पैकी २४ वेळा गेली पाहिजे. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी २६ जोड्यांत बेरीज सहा किंवा जास्त येते; म्हणून सहावी खोली राखावी. सात किंवा जास्त मात्र २१ जोड्यांतच. म्हणून सातवी गटाला द्यावी. फाशांची सरासरी सात असली तरी राखायच्या सहाच! खर्च बाजूला ठेवला, तर सगळ्या खोल्या गटाला दिल्यावर १६,००० मिळतात. सहा राखल्या तर सरासरी सुमारे १७,७३३. आणि हाव धरून बारा राखल्या तर सरासरी १४,८००, म्हणजे सगळं देऊन टाकण्यापेक्षाही कमी. ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीतल्या केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये विमानातल्या आसनांसाठी हाच नियम मांडला. पुढे हॉटेलांनी तो उचलला.

गावातली पोरं पुण्या-मुंबईला हॉटेलात कामाला जातात. त्यांच्यासोबत मी हा खेळ खेळतो. बहुतेक जण पहिल्या डावात दहा-बारा खोल्या राखतात. कधी फासे बारा दाखवतात आणि पोरगं स्वतःला हुशार समजतं. वीस डाव झाले की तोच वहीत बेरीज करून गप्प बसतो. एका वेळचं नशीब आणि बरा निर्णय यांतला फरक सांगून कळत नाही. तो वहीत दिसावा लागतो.

या खेळाची मर्यादाही सांगायला हवी. रात्री अकराला लेकरू कडेवर घेऊन दारात उभी राहिलेली बाई फाशांत येत नाही. तिला १,२०० सांगायचे की ८००, हे गणित ठरवत नाही. खेळात गिऱ्हाइकाच्या समाधानाला गुण ठेवता येतात. पण ते किती, हे खेळ बनवणाराच ठरवतो. म्हणून हा सराव अनुभवाची जागा घेत नाही. पहिल्या चुकांची किंमत तेवढी कमी करतो. माझ्या पहिल्या चुकांना दोन म्हशी लागल्या; या पोरांना दोन फासे आणि एक वही पुरते.