भट्टीच्या धुराड्याला पाइप कुठला घ्यावा?

घरामागे लाकडावर पाणी तापवायची भट्टी बसवणारे विचारतात, "आगीत टिकेल असा पाइप सांग." माझा पीएचडीचा विषय गंज, त्यामुळे मी उलटं विचारतो: धूर थंड किती होतो?

लाकडाच्या धुरात वाफेसोबत अ‍ॅसेटिक आम्लही असतं. भट्टीतलं पाणी धुराची उष्णता खेचून घेतं, उरलेली उघड्यावरचा पाइप घालवतो. मग आतून आंबट, काळं पाणी ओघळायला लागतं. लाकूड ओलं असेल तर विचारूच नका. जीआय पाइपवरचं जस्त हे पाणी खातं. खाली भट्टीच्या तोंडाशी आच जास्त, आणि जस्त तर ४२० अंशांनाच वितळतं. म्हणजे दोन्हीकडून मार!

३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम असतं. त्याचा ऑक्साइडचा पातळ थर ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. दुकानदार स्वस्तातलं २०२ पुढे करेल, चुंबक लावून "बघा, चिकटत नाही" म्हणेल. अहो, २०२ लाही चिकटत नाही! ग्रेड बिलावर लिहून घ्या.

बजेट कमी असेल तर पत्रा थोडा पातळ चालेल, पण बाहेरून रॉकवूल आणि त्यावर पावसासाठी पत्र्याचं आवरण हवंच. जोडताना वरच्या पाइपचं टोक खालच्याच्या आत बसवा, म्हणजे ओघळ बाहेर न येता भट्टीत परततो.