छपराखालचं डुक्कर

व्हॉट्सॲपवर फिरणारं एक चित्र तुमच्याकडेही येऊन गेलं असेल. वर छप्पर, खाली डुक्कर. सोबतचा मजकूर असा, की चिनी लिपीत 'घर' हे अक्षर असं काढतात, कारण दारी डुक्कर असल्याशिवाय चिनी माणसाच्या घराला घरपण येत नाही.

अक्षर खरंच तसं आहे. त्याचा उच्चार 'जिआ'. भानगड आहे ती त्या 'कारण'मध्ये. इ.स. 100च्या सुमारास शू शेन यांनी 'श्वोवेन जिए-त्स' हा नऊ हजारांवर अक्षरांचा कोश रचला. त्यांच्या मते खालचं डुक्कर अर्थासाठी नाही, उच्चारासाठी आहे. नर डुकराला जुना शब्दही 'जिआ'च होता, त्याचंच अक्षर आखडून छपराखाली बसवलं. या कोशावरचं द्वान यू-त्साय यांचं भाष्य 1815 साली छापून झालं. त्यांना हे पटलं नाही. मुळात हा शब्द डुकरं कोंडायच्या जागेचा, तो पुढे माणसांच्या निवाऱ्याला लागला, असं त्यांचं म्हणणं. दाखला म्हणून त्यांनी 'लाओ' हे अक्षर पुढे केलं. त्यात बैल बांधलेला आहे. आधी अर्थ गोठा, मग तुरुंग. मला द्वान यांचं म्हणणं जास्त पटतं, पण दोघांपैकी कुणीही घरपणाची ती गोड गोष्ट सांगत नाही.

चित्रावरून अर्थ काढायचाच असेल, तर लाडाच्या पाळीव प्राण्याचं काय करणार? त्याला आज 'छोंग-वू' म्हणतात. 'छोंग' म्हणजे लाड, मेहेरनजर. 'वू' म्हणजे वस्तू. आणि 'छोंग'च्या अक्षरात छपराखाली चक्क ड्रॅगन आहे! तो तर उच्चारापुरताच, कारण ड्रॅगनला 'लोंग' म्हणतात. डुकराचा मेसेज पुढे ढकलणारे या ड्रॅगनबद्दल मात्र मूग गिळून असतात.

दुसरी समजूत अशी, की नावाआधी 'जिआ' लागलं की प्राणी पाळीव. 'जिआ-छू' म्हणजे गुरंढोरं, 'जिआ-छिन' म्हणजे कोंबड्या-बदकं, 'जिआ-त्सान' म्हणजे माणसाने पोसलेला रेशीमकिडा. इथवर ठीक. पण 'जिआ-शू' म्हणजे घरातला उंदीर, 'जिआ-येन' म्हणजे वळचणीला घरटं करणारी पाकोळी आणि 'जिआ-यिंग' म्हणजे घरमाशी. यांना कुणी पाळलं? आपल्याकडेही घरमाशी घरची नसतेच, फक्त घरात असते. पाळणं वेगळं आणि पिढ्यान्‌पिढ्या पोसून जातच बदलणं वेगळं, हा फरक चिनी भाषा दुसऱ्या शब्दांनी दाखवते. 'शून-यांग' म्हणजे माणसाळवून सांभाळणं, 'शून-ह्वा' म्हणजे माणसाळवून पालटवणं. पिंजऱ्यात जन्मलेला अस्वलाचा बछडा पहिल्यात बसेल, दुसऱ्यात नाही.

राशीचक्रातल्या 'यांग'ने तर भल्याभल्यांना चकवलं आहे. 2015 साल यांगचं होतं, 2027 पुन्हा यांगचं. पण ते मेंढीचं की शेळीचं? चिनीत उत्तर द्यावंच लागत नाही, 'यांग' म्हणजे दोन्ही. नेमकं सांगायचं झालं तर 'म्यान-यांग' मेंढी आणि 'शान-यांग', म्हणजे डोंगरी यांग, ती शेळी. शेळी, बोकड, करडू, मेंढी, कोकरू असे वेगवेगळे शब्द तोंडात असलेल्या मराठी माणसाला हे गरिबीचं वाटेल. पण 'गुरं' म्हणताना आपणही गाय की म्हैस ते कुठे सांगतो? 'न्यू'चं तसंच. गाय-बैल न्यू, म्हैस 'श्वे-न्यू', म्हणजे पाण्यातली न्यू.

बाजारात गेलात तर आणखी एक मजा. ईशान्य चीनमध्ये 'बेन-जी' नावाची कोंबडी साध्या कोंबडीपेक्षा महाग मिळते. शब्दशः अर्थ मठ्ठ कोंबडी. भाषांतराचं ॲप तेच दाखवतं आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. पण हा कोंबडीच्या बुद्धीवरचा शेरा नाही, ती अंगणात चरून वाढल्याची ग्वाही आहे. इतरत्र तिलाच 'थू-जी', मातीची कोंबडी, म्हणतात. ग्वांगडोंगकडे 'त्सौ-दी-जी', जमिनीवर हिंडणारी. आपण 'गावरान' म्हणतो, आणि त्यासाठी जास्त पैसेही मोजतो.

आता कुत्रा. मुलांच्या जुन्या पाठांतराच्या पुस्तकात 'ल्यू-छू', म्हणजे सहा पाळीव जनावरं, येतात: घोडा, बैल, शेळी-मेंढी, कोंबडी, कुत्रा, डुक्कर. मांजर नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये चीनने जमिनीवरचे रानटी प्राणी खायला बंदी घातली, पिंजऱ्यात वाढवलेलेसुद्धा. मग पशुधन नेमकं कशाला म्हणायचं, हे ठरवणं भाग पडलं. मे 2020 मध्ये कृषी मंत्रालयाने 33 जातींची यादी काढली आणि तीत कुत्रा नव्हता. तो आता सोबतीचा प्राणी, असा खुलासा मसुद्याच्या वेळीच झाला होता. त्यावरून 'चीनमध्ये कुत्र्याच्या मांसावर बंदी' अशा बातम्या फिरल्या. देशभर तशी बंदी नव्हती. शेन्झेनसारख्या शहराने मात्र आपल्यापुरती ती घातली.

ती यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. कुत्रा बाहेर, पण लोकरीचा अल्पाका, शहामृग, एमू आणि कातड्यासाठी पोसलेला रुपेरी कोल्हा आत. 'यांग' एकटं कुठेच नाही, शेळी-मेंढी सुटी सुटी मांडली आहे. 'न्यू'चे तर पाच प्रकार केले आहेत. त्यात ईशान्य भारतातला मिथुन आहे, 'मोठ्या कपाळाची न्यू' या नावाने. आणि एक आहे 'ल्यू-न्यू'. इथला 'ल्यू' सहाचा नव्हे. याचा अर्थ अंगावर आलेली गाठ. पाठीवर गाठ असलेली ही न्यू म्हणजे वशिंडाची गुरं. आपला खिल्लार त्यांच्या हिशेबी याच खान्यात.