वर्गातला शांत कोपरा



गणेश चतुर्थी जवळ आली होती आणि शाळेत झांज-ढोलकीचा सराव चालला होता. ग्रेड तीनमधला एक मुलगा कान झाकून बाकाखाली शिरला. मी त्याला हात धरून बाहेर ओढले. तो किंचाळला, मला चावला. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. शाळा सुटल्यावर त्याची आजी आली. म्हणाली, "मिस, पोर वाईट नाही हो. आवाज त्याला सोसत नाही."

वीस वर्षे शिकवूनही हे मला आजीकडून कळावे!

मुलाला ऑटिझम आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा अकरा मुलांविषयी लिहिले, तेव्हाच मोठ्या आवाजाची भीती नोंदली होती. हट्टी मूल हवे ते मिळाले की थांबते. या मुलाला मात्र आवाज, उजेड, गर्दी असह्य झाली की स्वतःला आवरताच येत नाही. तेव्हा समजावण्यात अर्थ नसतो. विसावा त्याआधी द्यायला हवा.

मी कपाटामागे चटई घातली, जुन्या साडीचा पडदा लावला. त्याला एक पिवळे कार्ड दिले. ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि जायचे, बोलायची गरज नाही. पाच मिनिटांचे वाळूचे घड्याळ तिथेच ठेवले. पडद्याआड काय चालले आहे ते मला दिसते. शिक्षा म्हणून तिथे कोणालाही पाठवायचे नाही, हा नियम मी कडक पाळते. एकदा शिक्षा झाली की मूल तिथे आपणहून जाणार नाही.

पहिल्या आठवड्यात तो दिवसातून सहा-सहा वेळा गेला. सहकारी म्हणाले, "अभ्यास चुकवतो." मी वेळा लिहून ठेवल्या. बहुतेक वेळा मधल्या सुट्टीनंतरच्या होत्या. मग घंटेआधी दोन मिनिटे त्याला आत आणू लागले. फेऱ्या दोनवर आल्या. (आजोबा वारले तेव्हा दुसऱ्या एका मुलीनेही कार्ड मागितले. दिले.)

वडील मात्र रागावले होते. "माझ्या मुलाला वेड्याची खोली?" मी त्यांना चटईवर बसवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्या मॉरिशसमध्ये विशेष शिक्षणासाठी २०१८ साली कायदा झाला. पण चटई आणि पडद्याला कायद्याची वाट कशाला पाहायची?

यंदा विसर्जनाला तो समुद्रापर्यंत आला, ढोलांपासून बराच मागे, आजीचा हात धरून. वाटेत त्याने खिशातून पिवळे कार्ड काढून आजीला दिले. दोघे फिलाओच्या झाडाखाली बसले. मिरवणूक पुढे गेली.