समुद्रात मोबाइलची रेंज गेली तर मदत कशी मागायची? हातात मावणारा मरिन रेडिओ कसा निवडावा आणि कसा वापरावा

समजा, मालवणच्या बंदरातून सकाळी एक छोटी फायबरची होडी निघाली आहे. आत तिघं जण. किनाऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर आत गेल्यावर इंजिन बंद पडतं. दुपारनंतर वारा वाढतो, लाटा उसळू लागतात आणि होडीत पाणी यायला लागतं. तिघांकडे मिळून तीन स्मार्टफोन आहेत. एकावरही रेंज नाही.

चार-पाच किलोमीटरवर एक ट्रॉलर जाळं ओढतोय. तो अर्ध्या तासात इथे पोहोचू शकतो. पण त्याला हाक ऐकू जाणार नाही आणि त्याच्या तांडेलाचा नंबर या तिघांना माहीत नाही. नंबर माहीत असता तरी फोन लागला नसता.

आता याच होडीत एकाच्या लाइफ जॅकेटला वॉकीटॉकीसारखं दिसणारं एक यंत्र अडकवलेलं आहे असं धरा. तो बटण दाबतो, तीन-चार वाक्यं बोलतो आणि ट्रॉलरच्या केबिनमधला सेट खरखरतो. तांडेल जाळं वर घ्यायला सांगतो.

या यंत्राला हँडहेल्ड व्हीएचएफ मरिन रेडिओ म्हणतात. मासेमारी, स्कूबा, कयाकिंग किंवा किल्ला बघायला जाणारी लाँच, असा कुठल्याही निमित्ताने समुद्राशी संबंध येणाऱ्याने तो समजून घ्यायला हवा.

फोन असताना रेडिओ कशाला?

मोबाइलचे टॉवर जमिनीवरच्या लोकांसाठी उभारलेले असतात. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत गेलं की सिग्नल येतो-जातो आणि मग जातोच. फोन करायला टॉवर लागतो. दोन मरिन रेडिओंना एकमेकांशी बोलायला मध्ये काहीच लागत नाही.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. फोन एकाच माणसाला लागतो. तो जेवत असेल, झोपला असेल किंवा दोनशे किलोमीटरवर असेल, तर त्याला कळूनही लगेच उपयोग नाही. रेडिओवर केलेली हाक मात्र टप्प्यात असलेल्या आणि त्या चॅनलवर सेट चालू ठेवलेल्या प्रत्येकाला एकाच वेळी ऐकू जाते. मासेमारी होडी, मालवाहू जहाज, तटरक्षक दलाची गस्ती नौका, सगळ्यांना. बुडणाऱ्या माणसाला ओळखीच्या माणसापेक्षा जवळच्या माणसाची गरज असते, आणि जवळ कोण आहे हे त्याला माहीत नसतं. रेडिओ ही अडचण सोडवतो.

५ वॅटचा आवाज किती लांब जातो?

खोक्यावर मोठमोठे आकडे लिहिलेले असतात. त्यांच्यावर फार विसंबू नका. व्हीएचएफच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे अंतर ठरतं ते मुख्यतः दोन्ही बाजूंच्या अँटेनाच्या उंचीवर.

याचं एक सोपं गणित आहे. अँटेना पाण्यापासून जितके मीटर उंच, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन्ही बाजूंची उत्तरं मिळवली की कमाल अंतर मिळतं.

होडीत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला रेडिओ पाण्यापासून साधारण २ मीटरवर असतो, म्हणजे ५.८ किलोमीटर. समोर तसाच दुसरा माणूस असेल तर दोघांत साडेअकरा किलोमीटर. समोरच्या ट्रॉलरची अँटेना ४ मीटरवर असेल तर १४ किलोमीटर. आणि किनाऱ्यावरच्या केंद्राची अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर ४७ किलोमीटरच्या आसपास.

हे कागदावरचे आकडे आहेत. लाटा, मध्ये आलेला डोंगर, उतरलेली बॅटरी यामुळे प्रत्यक्षात अंतर कमी भरतं. तुम्ही स्वतः पाण्यात पडला असाल तर रेडिओ जेमतेम अर्ध्या मीटरवर येतो आणि तुमच्या बाजूचे ५.८ किलोमीटर घसरून ३ च्याही खाली जातात. म्हणून बोलताना रेडिओ शक्य तितका उंच धरायचा आणि अँटेना उभी ठेवायची. आडवी धरली की आवाज कमी पोहोचतो.

होडीत बसवलेल्या सेटची ताकद २५ वॅटपर्यंत असते, हातातल्या सेटची साधारण ५ किंवा ६ वॅट. त्यामुळे होडीवर पक्का सेट असेल तर तो पहिला आणि हातातला दुसरा. पण पाणी भरून होडीची बॅटरी बुडाली की पक्का सेट मुका होतो. त्यानंतर चालतो तो अंगावरचा. मोठ्या जहाजांनाही हे चुकलेलं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी जहाजांवर आणि ५०० टनांवरच्या मालवाहू जहाजांवर जीवरक्षक नौकांसाठी किमान तीन हँडहेल्ड रेडिओ ठेवावे लागतात.

घेताना काय बघायचं?

*पाण्यापासून संरक्षण.* सेटवर आयपीएक्स७ किंवा आयपीएक्स८ असं लिहिलेलं हवं. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी सेट टिकतो. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं असेल तर पुढे जा.

*तरंगतो का?* पाणी आत न शिरणारा रेडिओ तळाला जाऊन बसला तर काय कामाचा? तरंगणारा सेट घ्या. काही सेट पाण्यात पडले की आपोआप दिवा लुकलुकू लागतो. अंधारात तो फार कामी येतो.

*बॅटरी.* चार्ज होणारी बॅटरी असतेच. काही सेटमध्ये साध्या पेन्सिल सेलचा ट्रे बसवता येतो. दिवसभर बाहेर राहणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे, कारण असे सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात.

*जीपीएस आणि डीएससी.* हे असलेले सेट महाग असतात, पण परवडत असतील तर घ्याच. अशा सेटवर झाकणाखाली एक लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की सेट चॅनल ७० वरून एक डिजिटल संदेश पाठवतो. त्यात तुमचा ओळख क्रमांक आणि नेमकं ठिकाण असतं. माणूस घाबरला, थकला, बोलता येईना, तरी हाक जाते. त्यासाठी सेटमध्ये एमएमएसआय नावाचा नऊ आकडी क्रमांक आधी भरावा लागतो. भारतीय नौकांचा हा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. क्रमांक न भरलेल्या सेटचं लाल बटण बहुतेक वेळा शोभेचंच राहतं.

*कशासाठी पैसे देऊ नका?* 'वेदर चॅनल'साठी. ऑनलाइन जाहिरातीत ही सोय ठळक दिसते, पण ते हवामान प्रसारण अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यांसाठी आहे. कोकणात त्यावर फक्त खरखर ऐकू येईल. सेटमध्ये अमेरिका, कॅनडा आणि आंतरराष्ट्रीय असे पर्याय असतील तर आपल्याकडे आंतरराष्ट्रीय निवडायचा.

साधा वॉकीटॉकी चालेल का? आणि परवाना?

नाही चालणार. भारतात ज्या वॉकीटॉकींना परवाना लागत नाही ते ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. मरिन रेडिओ १५६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. ट्रेकला वापरलेला वॉकीटॉकी होडीत नेला तर त्यावरची हाक जहाजांच्या रेडिओवर पोहोचणारच नाही.

मरिन रेडिओसाठी परवाना लागतो. तो दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, म्हणजे डब्ल्यूपीसी देते. 'ऑनलाइन मिळतोय म्हणजे कायदेशीर असणार' असं समजू नका. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या होत्या. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: या मॉडेलला भारतात मान्यता आहे का, आणि परवान्याची कागदपत्रं कोण करून देणार?

चॅनल १६ आणि 'मेडे'

एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर तो १६. हे चॅनल म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. संकट, सुरक्षा आणि पहिली हाक यासाठी ते जगभर राखून ठेवलेलं आहे. बहुतेक सेटवर थेट १६ वर नेणारं वेगळं बटण असतं. गप्पा दुसऱ्या चॅनलवर चालू असल्या तरी 'ड्युअल वॉच' लावलं की सेट मध्येमध्ये १६ ऐकत राहतो.

जीव धोक्यात असेल तर शब्द एकच: मेडे. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो १९२० च्या दशकात रूढ झाला. होडी बुडतेय, आग लागलीय, माणूस पाण्यात पडून दिसेनासा झालाय, अशा वेळी मेडे. इंजिन बंद पडलंय पण लगेच जिवाला धोका नाही, तेव्हा 'पान-पान' तीनदा म्हणायचं.

मेडेची हाक अशी द्यायची:

१. मेडे, मेडे, मेडे.
२. होडीचं नाव तीनदा.
३. पुन्हा एकदा मेडे आणि होडीचं नाव.
४. ठिकाण. जीपीएसचे आकडे, नाहीतर खूण: 'मालवण बंदराच्या पश्चिमेला ८ सागरी मैल.'
५. काय झालंय: 'होडीत पाणी भरतंय.'
६. काय हवंय: 'तातडीने मदत हवी.'
७. किती माणसं आहेत, कोणी जखमी आहे का.
८. ओव्हर.

नाव आणि मेडे झालं की लगेच ठिकाण येतं, यामागे कारण आहे. मध्येच बॅटरी संपली तरी शोधणाऱ्याला कुठे जायचं ते कळलेलं असतं. इंग्रजी जमत नाही म्हणून गप्प बसू नका. मेडे हा शब्द कुठल्याही देशाच्या खलाशाला कळतो. पुढचं हिंदी किंवा मराठीत सांगितलं तरी आसपासच्या होड्यांना समजेल.

बोलताना हमखास होणाऱ्या चुका

या रेडिओवर एका वेळी एकच बाजू बोलू शकते. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला काहीही ऐकू येत नाही. 'कोणी उत्तरच देत नाही' असं वाटत असेल तर आधी बोट उचललंय का ते बघा. बटण अडकून राहिलं तर त्या भागातलं अख्खं चॅनल अडतं आणि दुसऱ्या कोणाची तरी मेडे दबून जाऊ शकते.

बटण दाबल्यावर एक क्षण थांबून बोलायला सुरुवात करा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर ठेवा. ओरडू नका, आवाज फाटतो.

संकटाची हाक पूर्ण ताकदीवर द्यायची, म्हणजे ५ किंवा ६ वॅटवर. शेजारच्या होडीशी रोजचं बोलणं १ वॅटवर भागतं आणि बॅटरीही वाचते.

दुसऱ्याची मेडे ऐकू आली तर मध्ये बोलू नका. ऐका, ठिकाण लिहून घ्या. कोणीच उत्तर देत नसेल तर तुम्ही द्या. लाल बटण चुकून दाबलं गेलं तर घाबरून सेट बंद करू नका. चॅनल १६ वर होडीचं नाव सांगून हाक रद्द केल्याचं कळवा. नाहीतर शोधपथक उगाच निघेल, आणि त्याच वेळी दुसरीकडे कोणाला त्याची खरी गरज असू शकते.

रेडिओ कुठे कमी पडतो?

खोल समुद्रात. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आलं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे अनेक मच्छीमार आधीच दूर गेलेले होते. इशारा त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचला नाही. वादळातून वाट काढत त्यातल्या शेकडो जणांनी आपल्या सिंधुदुर्गातल्या देवगडचा किनारा गाठला. अनेक जण मात्र परतले नाहीत.

इतक्या अंतरावर उपग्रहच लागतो. म्हणून मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवायची देशव्यापी योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये सुरू झाली. एक लाख नौकांचं लक्ष्य आहे. हे यंत्र किनाऱ्याला तुमचा ठावठिकाणा कळवतं. पण शेजारच्या ट्रॉलरला 'दोर टाक' असं सांगायला आवाजच लागतो. त्यामुळे एक आहे म्हणून दुसरं नको, असं होत नाही.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं

बॅटरी भरलेली आहे ना ते बघा. सेट चालू करून दुसऱ्या होडीशी बोलून तपासा, पण त्यासाठी १६ वापरू नका. होडीचं नाव आणि मेडेचे शब्द एका कार्डावर लिहून प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा. भीतीने डोकं बधिर झालं की पाठ असलेलंही आठवत नाही. होडीतल्या प्रत्येकाला सेट वापरता आला पाहिजे, कारण पाण्यात पडलेला माणूस तांडेलही असू शकतो. परत आल्यावर सेट गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवा, मीठ धातू खातं.

फोनही सोबत असू द्या. रेंज असेल तिथून तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर लागतात.

आणि रेडिओ पिशवीत किंवा केबिनमध्ये ठेवू नका. होडी उलटते तेव्हा पिशवी शोधायला वेळ मिळत नाही. तो लाइफ जॅकेटला अडकवा, आणि लाइफ जॅकेट अंगात घाला.